वहिनीच्या नावाचा नेम

आमच्या घरात वर्ष दिवाळीच्या पाडव्याला उजाडायचं. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, निपाणीत तंबाखूचा व्यापार होता आणि व्यापाऱ्याच्या घरात दुसरा पाडवा फारसा कुणी मनावर घेत नाही. तेव्हा मी ज्या वर्षाविषयी लिहायला बसले आहे ते एका दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंतचं, दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीचं. मी सतरा वर्षांची होते. मराठी सातवी होऊन घरी बसले होते, आणि बसले होते हा नुसता बोलायचा शब्द. माझं बूड कुठं टेकत नव्हतं. पुढच्या सोप्यातून मागच्या परड्यात, परड्यातून माडीवर, माडीवर गेलं की खिडकीत. अव्वा, माझी आई, म्हणायची की देवानं या पोरीला पायाला भिंगरी बांधूनच खाली सोडलीया. मला सतत काहीतरी बघायचं असायचं, ऐकायचं असायचं, आणि समोरचं संपायच्या आधीच पुढं काय म्हणून जीव वरखाली व्हायचा. त्या दिवाळीला शाळेतली एक कोरी वही उरली होती. तिच्या पहिल्या पानावर मी ‘या वर्षी आवडलेलं’ असं लिहिलं, खाली एकापासून पाचापर्यंत आकडे घातले आणि पुढं जागा सोडली. वर्षभरात जे बघीन, ऐकीन त्यातलं उत्तम कोणतं ते ठरवायचं होतं. ते कुणाला वाचून दाखवायचं, हे माझं मलाही ठाऊक नव्हतं.

पहिला आला तो फोनो. माझा थोरला भाऊ अण्णा आप्पांच्या कामाला बेळगावला गेला होता, तो परत येताना मोटारीच्या टपावरून घोंगड्यात गुंडाळलेली एक पेटी उतरवून घेऊन आला. चावी फिरवायची, ताटली ठेवायची, सुई टेकवायची. प्रत्येक ताटलीला नवी सुई लावा असं दुकानदारानं बजावलं होतं. आम्ही एकच सुई पाट्याच्या कडेला घासून आठवडाभर वापरायचो, आणि मग आतली बाई पडसं झाल्यासारखी गायची. काही जुन्या ताटल्यांवर गाणं संपता संपता गाणारी आपलं नाव सांगायची. ते आलं की समोरच्या घरच्या कमळाक्का पदर सावरून पेटीला नमस्कार करायच्या. एवढी मोठी बाई आपणहून नाव सांगती तर आपण निदान बसा तरी म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. वखारीत तंबाखूची पानं निवडणाऱ्या बायका आमच्या मागच्या दाराला येऊन उभ्या राहायच्या, आणि अण्णा त्यांना ऐकू जावं म्हणून पेटीचं तोंड मुद्दाम तिकडं करायचा. तेवढ्यावरून अव्वा आणि त्याची रोज वादावादी व्हायची.

तंबाखू बाजारात आली, गावात पैसा खुळखुळायला लागला, की मैदानात बोलपटाचा तंबू पडायचा. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणारे. त्यामुळं बाकीचं गाव चुलीपुढं भाकरी थापत असायचं तेव्हा आम्ही हात धुऊन तंबूच्या दाराशी पहिले. धर्माचा इतका रोकडा फायदा मला दुसऱ्या कशात झाल्याचं आठवत नाही. मध्ये दोरी, एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका, खाली रेती. बाहेर इंजिन धडधडत असायचं, आणि पडद्यावर राणी मरताना काय म्हणाली ते इंजिन थांबेपर्यंत कुणाला कळायचं नाही. एक चित्र मी तीनदा बघितलं. तिसऱ्या वेळी मी पडद्याकडं कमी आणि बघणाऱ्या बायकांच्या तोंडांकडं जास्त बघितलं, आणि त्याचंही नाव वहीत घालावं का या विचारात दोन दिवस घालवले.

वैशाखात मामांकडं बेळगावला गेले. तिथं एका नाटक कंपनीचा मुक्काम होता आणि रविवारी दुपारचा खेळ असायचा. नायिकेचं काम करणारा पुरुष होता, हे मला सांगून ठेवलं होतं, तरी पडदा वर गेल्यावर मी ते विसरले. आज मला त्या नाटकाची गोष्ट विचाराल तर सांगता येणार नाही, पण वळताना त्यानं शालूचा पदर कोपरावरून कसा घेतला ते हातानं करून दाखवता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांबरोबर कुंदा आणायला गेले तर तीच नायिका धोतर नेसून, कानावर विडी ठेवून हलवायाशी हुज्जत घालत उभी. माझा जीव आधी खट्टू झाला आणि मग दुपटीनं वेडा झाला. हाच माणूस काल तसा रडला? निपाणीला परतल्यावर मी वहीत पहिल्या आकड्यापुढं ते नाटक लिहिलं, दुसऱ्यापुढं बोलपट, तिसऱ्यापुढं फोनो.

वहिनीचं नाव त्या वहीत कुठंच नव्हतं. रोजच्या भाकरीला कुणी पंक्तीत मान देत नाही, तसं ते झालं होतं.

वहिनी म्हणजे अण्णाची बायको, पद्मा. सदलग्याची. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. घरी त्यांच्यात कानडी चालायची, त्यामुळं तिची मराठी जरा अंग चोरून यायची. लग्न होऊन आली आणि पहिला महिनाभर नुसती शिंकत होती. निपाणीत नव्या माणसाची ओळख शिंकेवरून पटते. हवेतच तंबाखू असते, आम्हाला ती कळत नाही. अव्वा म्हणायची, सून आणलीया का फटाक्याची माळ. महिना संपला, शिंका थांबल्या, आणि एका दुपारी परड्यात शेंगा पाखडता पाखडता तिनं गळा मोकळा केला. मी माडीवरून खाली पळत आले. गोड म्हणावा असा तो आवाज नव्हता. खाली जाडसर होता, आणि वर जाताना बारीक न होता तसाच्या तसा जायचा, भरली घागर डोक्यावर घेऊन जिना चढणाऱ्या बाईसारखा, थेंब न सांडता.

तिच्या वडिलांना बयलाटाचा नाद होता. बयलाट म्हणजे उघड्या मैदानात होणारं कानडी नाटक. त्यातली पदं तिला ऐकून ऐकून पाठ होती. अव्वा जेवून आडवी झाली की आम्ही दोघी माडीवर जायचो. खाली वखारीतल्या पानांचा वास, वर कौलांचा ताप, आणि आमच्या मध्ये शेंगा आणि सदलग्याहून आलेली गुळाची ढेप. ती गूळ दातानं फोडायची, दोन शेंगा, एक खडा, मग एक पद. मला अर्धं कळायचं नाही. ती मध्येच थांबून सांगायची, हितं ती रुसलीया, आता तो समजूत घालाय लागलाय, खोटा हाय, पण गळा बरा हाय त्याचा. मी म्हणायची, पुन्हा. ती पुन्हा म्हणायची. दिवसभरात माझे पाय थांबायचे ते तेवढ्याच वेळात. आमच्या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषांसारखं आलो, गेलो म्हणतात. सांगलीला सासरी गेल्यावर त्यावरून मला फार हसले आणि मी ती बोली टाकून दिली. वहिनीनं टाकली नाही. ‘सुमे, आज दमलो गं मी, उद्या म्हणतो,’ असं ती म्हणाली की मला ते पदासारखंच वाटायचं.

चैत्रात महावीर जयंतीला कमळाक्कांनी तिला बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, एक पद म्हणायला लावलं. निघालेली माणसं चपला पायात घालून तशीच उभी राहिली. त्यानंतर सगळं बदललं. बस्तीच्या पुजाऱ्यांना आम्ही उपाध्ये म्हणतो. त्यांच्या घरी बाजाची पेटी होती. दुपारी पाच-सात बायका तिथं जमायला लागल्या आणि वहिनी त्यांना पदं सांगायला जाऊ लागली. आप्पा काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना आवडलं होतं. अण्णा तर जमिनीला पाय लावत नव्हता. दिवाळीनंतर ताटल्या काढणारे लोक बेळगावला येणार आहेत, आवाज भरून घेणार आहेत, हे त्यानं फोनोच्या दुकानदाराकडून पक्कं करून आणलं आणि जेवताना सांगितलं की पद्मालाही घेऊन जाणार. अव्वाचा हात ताटावरच थांबला. सुनेचा गळा दुकानात टांगणार व्हय, असं ती म्हणाली. आप्पा म्हणाले, देवाची पदं हायत, म्हणू दे. वहिनी मान खाली घालून वाढत होती, पण तिचे कान लाल झाले होते. तिला ते किती हवं होतं हे त्या कानांवरून मला कळलं, आणि मी जेवण अर्धं टाकून उठले.

मीही बेळगावला येते म्हणून मी अण्णाच्या मागं लागले. तो हसून म्हणाला, तू येऊन काय करणार, टाळ्या? त्याच महिन्यात सांगलीच्या लोकांनी मला बघून पसंत केलं आणि दिवाळीनंतर लग्न धरायचं ठरलं. माडीवरच्या दुपारी संपल्याच होत्या. मी एकटी वर जाऊन बसायची, उठायची, खाली येऊन फोनोला चावी द्यायची, ताटली अर्ध्यात काढायची. माडीच्या खिडकीतून उपाध्यांच्या घराचं कौल दिसायचं. वारा तिकडून आला की पेटीचा सूर यायचा, आवाज यायचा नाही. माणूस मनातल्या गोष्टीला सोपं नाव देऊन मोकळं होतं, म्हणून मीही बरीच वर्षं त्याला मत्सर म्हणत आले. पण मत्सर तो नव्हता. मला गाता येत नव्हतं आणि यावं असंही वाटत नव्हतं. मला ती हवी होती, दुपारची, कौलाखालची, माझ्यापुरती. ती ताटलीवर गेली असती तर कमळाक्कांनी जसा त्या पेटीतल्या बाईला, तसा तिलाही गावोगावच्या बायकांनी नमस्कार केला असता, आणि मी सांगलीत त्या बायकांतली एक झाले असते.

आषाढ लागायच्या सुमाराला एक दिगंबर मुनी सदलग्याकडून चालत निपाणीत आले. आमच्यात मुनी दिवसातून एकदा, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. ते सकाळी रस्त्यानं निघाले की घरोघरचे लोक ओलेत्यानं, हातात कलश घेऊन दारात उभे राहतात, आणि ज्यांच्या दारी ते थांबतील त्यांचं भाग्य. त्या दिवशी ते आमच्या दारात थांबले. अव्वाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आहारानंतर घरातल्या प्रत्येकानं महाराजांपुढं काहीतरी सोडायचं, त्याला नेम घेणं म्हणतात. कुणी पालेभाजी सोडतं, कुणी एक वेळचं जेवण. नेम घेताना मुदत सांगायची. मुदत सांगितली नाही तर तो मरेपर्यंतचा. मोडला तर पाप, म्हणून लोक जपून घेतात. कमळाक्का दर वर्षी कारलं सोडायच्या आणि कारलं त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. घरातलं कुणी आजारी असलं, समोर येण्यासारखं नसलं, तर त्याचा नेम दुसऱ्यानं पोचवायचा, अशीही पद्धत होती. पोचवणारा खोटं बोलेल हे कुणाच्या स्वप्नातही यायचं नाही. साधूपुढं खोटं बोलायला धजणार कोण?

वहिनी त्या दिवशी समोर येण्यासारखी नव्हती. महिन्याचे तीन दिवस बायकांनी बाजूला बसायचं, ती परड्यातल्या खोलीत बसली होती. महाराज आहार घेत असतानाच अव्वानं मला मागं पिटाळलं, जा, पद्मीला विचारून ये, काय सोडती ती. मी धावत गेले. वहिनी उंबऱ्याच्या आत बसून बाहेरच्या बोलण्याचा अंदाज घेत होती. मी विचारल्यावर तिनं थोडा विचार केला आणि हसली. दिवाळीपर्यंत गूळ सोडला म्हण, म्हणाली, बघू माझ्यानं राहवतंय का. मी वळले तर तिनं मागून हाक मारली. उपाध्यांच्या घरी निरोप दे, चार दिवस येत न्हाय, पण सगळ्यांनी पदं घोकून ठेवा म्हणावं, बेळगावला हसं नको.

परड्यापासून सोप्यापर्यंत तीन दारं आणि एक अंधारा बोळ. गूळ, दिवाळीपर्यंत, असं मनात घोकत मी निघाले. सोप्यात आले तेव्हा आप्पांनी विडी सोडली होती. तंबाखू विकायची ती विकायचीच होती. अण्णानं रात्रीचं पाणी सोडलं होतं. मी स्वतः काय सोडलं ते आता आठवत नाही, इतकं ते फुसकं असणार. मग महाराजांनी विचारलं, घरात आणखी कोण आहे. अव्वानं हात जोडून सांगितलं, सून आहे, बाजूला बसली आहे, तिचा निरोप हिच्याकडं आहे. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

‘गाणं,’ मी म्हटलं.

मी ठरवून म्हटलं नव्हतं, असं लिहायची फार इच्छा होते. पण ते खरं नाही. बोळातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दाराच्या मध्ये कुठंतरी मी ठरवलं होतं. फक्त दिवाळी टळावी, ते ताटल्यावाले बेळगावला येऊन परत जावेत, एवढंच ठरवलं होतं. महाराजांनी विचारलं, किती काळासाठी. दिवाळीपर्यंत, दिवाळीनंतर महिनाभर, जे काही, ते मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी अव्वाकडं बघितलं. अव्वाचा चेहरा एकदम उजळला होता. देवानंच सुनेला बुद्धी दिली असं तिला वाटलं असणार.

‘जन्मभर म्हणा महाराज,’ अव्वा म्हणाली.

महाराज तिच्याकडं बघून थांबले आणि मग माझ्याकडं वळले. त्यांची नजर शांत होती, आणि तिच्यात घाई नव्हती.

‘तिनं तसं सांगितलं?’

मी मान डोलावली.

त्यांनी मोरपिसांची पिच्छी उचलून आशीर्वाद दिला. सोप्यात सगळ्यांनी जयजयकार केला. अण्णा मात्र तसाच, भिंतीला टेकून उभा होता.

महाराज गेल्यावर अव्वा परड्यात गेली. सुनेला शिवायचं नव्हतं म्हणून अंगणातच उभी राहिली आणि म्हणाली, पोरी, लई मोठा त्याग केलास, आमच्या घरात एवढा मोठा नेम आजवर कुणी घेतला न्हवता. मी तिच्या मागं होते. वहिनी आधी अव्वाकडं बघत राहिली, गुळाचं एवढं काय, असा तिचा चेहरा. मग अव्वा गाण्याबद्दल, जन्मभराबद्दल बोलली. वहिनीनं अव्वाच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. परड्यात कोंबडी नव्हती, झाडाचं पान हललं नाही, मला दुसरीकडं बघायला काही सापडलं नाही. माझं लग्न ठरलं होतं. साधूपुढं खोटं बोललेली मुलगी सांगलीच्या त्या घरानं दारातही उभी केली नसती. हे मला सुचायच्या आधी तिला सुचलं असावं.

‘व्हय,’ वहिनी म्हणाली. ‘मीच सांगितलो.’

संध्याकाळी अण्णानं तिला विचारलं तेव्हाही तिनं तेच सांगितलं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याला एवढंच लागलं की जिच्यासाठी तो बेळगावला खेपा घालत होता तिनं त्याला न विचारता हे केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं फोनोवर कापड टाकलं आणि पेटी माडीवर ढकलून दिली. पुढं किती तरी महिने तो वहिनीशी कामापुरतं बोलायचा. भाजी आणू का, मोटार कितीला हाय, एवढं. माझ्याशी मात्र तो पूर्वीपेक्षा मऊ बोलायला लागला, आणि ते मला सोसायचं नाही.

त्या पावसाळ्यात मी घरात फिरले तेवढी कधी फिरले नाही. रोज ठरवायची की आज सांगते. वहिनीजवळ जायची, ती ज्वारी निवडत असायची, मी तिच्या सुपातले खडे काढायला लागायची आणि काहीतरी भलतंच बोलून उठायची. तीही काही विचारायची नाही. तिनं गूळही सोडला होता. ते घरात फक्त मला कळत होतं. नागपंचमीला तिनं पुरणाला हात लावला नाही, गौरीला लावला नाही. बरं वाटत न्हाय म्हणायची, आणि अव्वा म्हणायची, दिवस गेले की काय. दिवाळी आली. पाडव्याच्या सकाळी वहिनी स्वयंपाकघरात आली, डब्यातून गुळाचा खडा काढला, माझ्या समोर तोंडात टाकला आणि सावकाश चघळला. तिचा स्वतःचा नेम फिटला होता. मी चुलीपाशी उभी राहून वाट बघत राहिले, की आता ती गुणगुणेल, निदान श्वास तसा घेईल. तिनं हात धुतले आणि पाट मांडायला गेली.

मार्गशीर्षात माझं लग्न झालं. लग्नात जातं पूजताना ओव्या म्हणायची वेळ आली तेव्हा वहिनी खुंटा धरून दळत होती आणि ओव्या कमळाक्का म्हणत होत्या. पुढं तिच्या तिन्ही मुलांचे पाळणेही कमळाक्कांनीच म्हटले. वहिनी नुसती दोरी ओढायची. माझी माहेरपणं झाली, बाळंतपणं झाली, अव्वा गेली, आप्पा गेले. सांगली नाटकाचं गाव. माझ्या यजमानांना नाद होता. मी जे बघायची, ऐकायची, ते सगळं निपाणीला पत्रांतून लिहायची. वहिनीला वाचता येत होतं. मला वाटायचं, तिला तेवढाच विरंगुळा. हे वाक्य लिहिताना आज माझा हात थांबतो आहे, पण तेव्हा मला खरंच तसं वाटायचं.

अण्णा गेला त्याला आता दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत त्याची समजूत तीच राहिली, की बायकोनं आपल्याला न विचारता गाणं टाकलं. त्याच्या दिवसांना मी गेले होते, तेव्हाही बोलले नाही. गेल्या थंडीत मात्र मी मुद्दाम निपाणीला गेले. माझी पन्नाशी कधीच उलटली, रक्तदाब झाला, डॉक्टरांनी जपायला सांगितलं. त्या भीतीनंच मला हलवलं असावं, फार मोठेपणा घ्यावा असं त्यात काही नाही. वहिनी सोप्यात उन्हाला बसून पावटे सोलत होती. मीही एक मूठ घेतली. या वेळी मी उठले नाही. बोळ, तीन दारं, गूळ, अव्वाचं ते जन्मभर, माझी मान, सगळं एकापाठोपाठ बोलून टाकलं. ती सोलत राहिली.

मी म्हटलं, ‘वैनी, तो नेम तुझा नव्हताच. तू पहिल्यापासूनच मोकळी होतीस.’

‘ठाऊक हाय की,’ ती म्हणाली. ‘त्याच महिन्यात मी उपाध्यांस्नी विचारलो होतो, दुसऱ्या कुणाचं म्हणून. ज्यानं तोंडानं घेतला न्हाय त्याला लागत न्हाय म्हणाले.’

मग मी विचारलं, तरी ती का गप्प राहिली.

‘मी तोंड उघडलो असतो तर तू खोटी पडली असतीस. सोयरीक मोडली असती.’ तिनं एक किडका पावटा बाजूला टाकला. ‘म्हटलं, लग्न झालं की तू सांगशील. पहिल्या दिवाळसणाला वाट बघितलो. मग तुझ्या थोरल्याच्या बारशाला. तुझं पत्र आलं की आधी मीच फोडायचो. पत्रात सगळं असायचं सुमे. कुठलं नाटक बघितलीस, कोण बरं गायलं, कुणाचा आवाज बसलावता. सगळं असायचं.’

मी रडले. तिनं रडू दिलं, समजूत घातली नाही. अण्णाला तरी एकदा, असं काहीतरी मी म्हणाले तेव्हा तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

‘त्यांस्नी सांगायचं काम तुझं होतं,’ ती म्हणाली. ‘ते र्‍हायलं बघ.’

मला तिला म्हणावंसं वाटत होतं की आता गा, एकदा. ते मागायचा मला काही अधिकार नव्हता आणि तिनंही त्याचं नाव काढलं नाही. उन्हं सरकली तशी तिनं सूप पुढं ओढलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. तिची सून स्वयंपाकाला लागली होती, दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायला हवी होती. वहिनीनं मानेनं आत खूण केली.

‘ती समजती, सासू गाण्याला जन्माची मुकी. पोरांस्नी बी तेच वाटतंय. जा, तिला सांग जा.’

मी भिंतीला धरून उठले. आत धूर होता. सून परातीत पीठ मळत होती, मला बघून तिनं पदर सावरला आणि पाट पुढं केला. मी पाटावर बसले नाही.

‘तुझी सासू गायची,’ मी म्हटलं. ‘माझ्यामुळं थांबली.’

तिचे हात पिठातच राहिले. मी पहिल्यापासून सांगायला लागले.